फीत कापण्याआधी मेळ लागला का?

आमच्या आत्याला दोन नावे आहेत. माहेरची ती कुसुम, सासरची सुमती. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर सुमती, आणि आधार कार्ड काढायला गेली तेव्हा समोरच्या मुलाने इथल्या रिवाजाप्रमाणे मानाने ‘सुमतीबेन’ लिहिले. म्हणजे खरे पाहता तीन नावे झाली. बडोद्यातल्या बहुतेक जुन्या मराठी घरांत अशी एखादी आत्या, काकू किंवा आजी आहे, त्यामुळे वाचकांना यात नवल वाटणार नाही. परंतु या तीन नावांमुळे मागच्या वर्षी तिच्या जिवावरचे संकट थोडक्यात टळले, आणि तेव्हापासून एक विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. मंडळाच्या मुखपत्रात तो मांडण्याची संधी संपादकांनी दिली, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे.

झाले ते असे. आत्या गेली पंचवीस वर्षे शहरातल्या एकाच रुग्णालयात जाते. नाव देत नाही, कारण मुद्दा त्या रुग्णालयाचा नाही. तिथे तिची जुनी कागदी फाईल होती आणि फाईलच्या पहिल्या पानावर कुणा जुन्या डॉक्टरांनी लाल शाईने लिहिले होते, ‘सल्फा देऊ नये’. पूर्वी एकदा त्या औषधाने तिच्या अंगावर पुरळ येऊन चेहरा सुजला होता. मागच्या वर्षी रुग्णालयाने सगळा कारभार संगणकावर नेला, मोबाईलवर ॲप आणले, दारात फलक लावला. लघवीच्या त्रासासाठी आत्याला घेऊन मी गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने आधारवरचे नाव टाकले, माझा मोबाईल नंबर टाकला आणि म्हणाली, ‘जुनी नोंद नाही, नवीन फाईल उघडते.’ आम्हीही बरे म्हटले. डॉक्टर नवे होते. त्यांनी पडद्यावर पाहिले, ॲलर्जीचा रकाना कोरा होता, त्यांनी औषध लिहून दिले. ते सल्फाचेच निघाले. वाचवले ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने. तीस वर्षांची ओळख. चिठ्ठी पाहून तो आत्याला म्हणाला, ‘सल्फानी दवा तमने नथी सदती ने, बा?’

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून रुग्णालयात गेलो. तिथल्या क्लार्कला मी आमच्याच जातीचा, म्हणजे कारकून जातीचा, वाटलो असावा. त्याने मन लावून शोधले. जुनी नोंद संगणकात होती, ‘सुमती’ या नावाने आणि माझ्या दिवंगत काकांच्या लँडलाईन नंबरावर. म्हणजे एका बाईच्या दोन फायली झाल्या होत्या. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. त्या जुन्या नोंदीत नाव, वय, पत्ता, मागची बिले, सगळे आले होते. लाल शाईचा शेरा मात्र आला नव्हता. फायली संगणकात भरणाऱ्यांनी छापील रकाने भरले आणि समासात लिहिलेले सोडून दिले. मी विचारले, ‘हे सुरू करण्याआधी तपासून पाहिले होते ना?’ तो म्हणाला, ‘हो तर! आम्ही स्टाफमधल्या वीस-पंचवीस जणांची नावे टाकून दोन दिवस चालवून पाहिले. सगळे बरोबर चालले. मग पाहुणे आले, फीत कापली.’

ते ऐकून मला राग आला नाही, हसू आले, कारण मी बँकेत नोकरी करतो.

मी २००४ साली बँकेत लागलो. दोन-तीन वर्षांत आमच्या शाखेचे कोअर बँकिंगला जायचे ठरले. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जमा-नावे कळते, संगणकाचे काही कळत नव्हते. परंतु त्या काही महिन्यांत जे शिकलो ते कॉलेजात कुणी शिकवले नव्हते. आधी नुसती रंगीत तालीम झाली. खात्यांची माहिती नव्या यंत्रणेत घालून पाहायची आणि प्रत्येक लेजरची बेरीज जुन्या बेरजेशी ताडायची. पहिल्या खेपेला मेळ लागला नाही, दुसऱ्या खेपेला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आमचे हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले गृहस्थ, जाड भिंगाचा चष्मा, म्हणाले, ‘बेरीज जुळली म्हणजे शिल्लक आली. शेरे आले का ते पाहा.’ आणि खरोखरच शेरे आले नव्हते! ज्या ठेवींवर कर्ज होते त्यांवर तारणाची खूण नव्हती. ज्या चेकांचे पैसे देऊ नका म्हणून ग्राहकांनी लिहून दिले होते, त्या सूचना गळाल्या होत्या. मृत खातेदारांची खाती जिवंत झाली होती. आकडे एका पैशाने चुकले नव्हते आणि तरीही ती यंत्रणा तशीच सुरू झाली असती तर शाखेचे दिवाळे वाजले असते.

त्यानंतर कित्येक दिवस जुनी पद्धत आणि नवी पद्धत आम्ही शेजारी शेजारी चालवली. दिवसा संगणक, संध्याकाळी लेजर, रात्री मेळ. बायको नवी नवी होती, ती म्हणायची, तुमचे लग्न नक्की कुणाशी झाले आहे? पण आम्ही कंटाळलो तरी सोडले नाही, कारण ऑडिटर बसला होता आणि त्याच्या सहीशिवाय शाखा नव्या यंत्रणेवर जाणार नव्हती. पैशाच्या बाबतीत ही शिस्त आपण गृहीत धरतो. देहाच्या बाबतीत मात्र स्टाफची वीस नावे आणि दोन दिवस पुरतात. आत्याच्या फाईलमधला लाल शेरा आणि ठेवीवरची तारणाची खूण यांत मला काही फरक दिसत नाही. दोन्ही समासातल्या गोष्टी आहेत, आणि ज्याने यंत्रणा बनवली त्याला समास दिसत नाही, ज्याने वीस वर्षे फाईल हाताळली त्यालाच तो दिसतो.

इथे काही वाचक म्हणतील, एका रुग्णालयाच्या गलथानपणावरून एवढे काय! म्हणून मोठ्या उदाहरणांकडे जाऊ.

अमेरिकेसारख्या देशात १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विमा विकत घेण्यासाठी सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. ओबामा सरकारची सगळी प्रतिष्ठा त्यावर लागलेली. पहिल्या दिवशी लाखो लोक आले आणि विमा घेण्यापर्यंत पोचले फक्त सहा. सहा लाख नव्हे, सहा जण. नंतर त्यांच्या संसदेच्या समितीपुढे कंत्राटदारांची साक्ष झाली तेव्हा बाहेर आले की, सगळे भाग एकत्र जोडून पहिल्यापासून शेवटपर्यंतची चाचणी अखेरच्या दोन आठवड्यांतच झाली होती. प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक होता. जोडल्यावर ठीक आहे का हे पाहायला कुणाला वेळ नव्हता, कारण तारीख जाहीर झाली होती. ते संकेतस्थळ पुढे दुरुस्त झाले आणि २०१४ च्या एप्रिलपर्यंत सुमारे ८० लाख लोकांनी विमा निवडला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे यंत्रणा मुळात निकामी नव्हती, नुसती कच्ची होती.

आपल्याकडचे को-विन घ्या. त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. २१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत या देशात १०० कोटी मात्रा देऊन झाल्या आणि त्यांचा हिशेब या यंत्रणेने ठेवला, ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय सरकारने आधी तालीमही केली होती. २८ आणि २९ डिसेंबर २०२० रोजी चार राज्यांत, त्यात आपले गुजरातही होते, राजकोट आणि गांधीनगर जिल्ह्यांत. मग २ जानेवारीला सर्व राज्यांत, ८ जानेवारीला पुन्हा जिल्ह्याजिल्ह्यांत. कारकून म्हणून मी याला पुष्कळ गुण देतो. पण तालीम कशी होती? एकेका केंद्रावर पंचवीस आरोग्य कर्मचारी, नावे आधीच यादीत भरलेली, सगळे वेळेवर हजर, सगळ्यांना पडदा वाचता येणारा. १६ जानेवारी २०२१ ला खरे काम सुरू झाले आणि त्याच संध्याकाळी महाराष्ट्राला यंत्रणेतील अडचणींमुळे दोन दिवस लसीकरण थांबवावे लागले. तालमीत नायक-नायिका होते, प्रेक्षक नव्हते.

आणि खरा प्रेक्षक आला तो २८ एप्रिलला, दुपारी चार वाजता, १८ वर्षांवरील सर्वांची नोंदणी उघडली तेव्हा. त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. सुरुवातीला संकेतस्थळ बसलेच. माझा पुतण्या दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप घेऊन बसला होता, जणू तत्काळ तिकीट काढतो आहे. ज्याच्याकडे तीन यंत्रे आणि तरणी बोटे, त्याला लस. आमच्या चाळीत धुणी-भांडी करणाऱ्या बाईंना काय? पडदा इंग्रजीत होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात याच गोष्टीवर बोट ठेवले, की ज्यांच्याकडे यंत्र नाही, ज्यांना भाषा कळत नाही, त्यांनी लस कशी मिळवायची. त्यानंतर जूनमध्ये को-विन हिंदी, मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू आदी भाषांत आले. अगोदर २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा १८ ते ४४ वयाच्यांना मिळाली होती. ही मुभा आणि ह्या भाषा जानेवारीत का नव्हत्या? न्यायालयाने विचारण्याआधी हा प्रश्न तालमीतल्या कुणीतरी विचारायला हवा होता. विचारला नसेल कारण तालमीत तो प्रश्न पडणारा माणूसच बोलावला नव्हता.

आणखी एक मासला, जो मला बँकेच्या दृष्टीने फार बोलका वाटतो. वेळ घेतली पण लस घ्यायला गेले नाहीत अशा काही लोकांना ‘तुमचे लसीकरण झाले’ असा संदेश आला. केंद्रावर कुणीतरी चुकून त्यांच्या नावापुढे खूण केली होती. म्हणून ८ मे २०२१ पासून चार आकडी सुरक्षा कोड आला, तो माणसाने केंद्रावर सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नसे. उपाय चांगलाच होता. पण आमच्याकडे खातेदाराची सही ताडल्याशिवाय पैसे ‘दिले’ असे लिहित नाहीत, हे शंभर वर्षे जुने शहाणपण आहे. त्यासाठी चार महिने आणि कोट्यवधी नोंदी जाव्या लागल्या.

सर्वात लाजिरवाणी गोष्ट मात्र कॅगच्या अहवालात सापडेल. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात आढळले की ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल नंबराला जोडलेले होते, आणि तो नंबर होता दहा वेळा नऊ! आणखी १,३९,३०० जण दहा वेळा आठ या नंबराला. सरकारकडून खुलासा आला की पडताळणी मोबाईलवर होत नाही, नंबर फक्त संपर्कासाठी आहे, म्हणून कर्मचाऱ्यांनी काहीतरी भरून टाकले. खुलासा खरा असेल. पण माझ्या काउंटरवर एखाद्या शिकाऊ मुलाने दोन खात्यांना जरी तसा नंबर टाकला तर संध्याकाळच्या अपवाद यादीत तो लाल अक्षरात दिसतो आणि मॅनेजरसाहेब मला बोलावतात. साडेसात लाख! संगणकाला ‘एकच नंबर शंभराहून जास्त नावांना असेल तर सांग’ एवढे शिकवायला कोणता शास्त्रज्ञ लागतो? जो संपर्काचा नंबर खोटा, त्यावर आजारी माणसाला निरोप कसा जाणार, हा प्रश्न उद्घाटनाआधी कुणाला पडला नाही, किंवा पडला तरी त्याचे ऐकून थांबण्याचा अधिकार कुणाला नव्हता.

माझ्या मते सगळी गोम या शेवटल्या वाक्यात आहे. चाचण्या होत नाहीत असे नाही. चाचणीत नापास झाले तर उद्घाटन पुढे ढकलायचे, हा अधिकार कुणाकडे नाही. आमच्या शाखेत तो ऑडिटरकडे होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत असा एक नियम आहे. आरोग्यासाठीची संगणक यंत्रणा बनवणाऱ्याने, आणि ती वापरणाऱ्या रुग्णालयानेही, धोक्यांची नोंदवही ठेवायची. ही यंत्रणा चुकली तर रुग्णाला काय इजा होऊ शकते, ती टाळायला काय केले, उरलेला धोका कोण पत्करतो, हे त्यात लिहायचे. आणि त्यावर जबाबदारीने लक्ष ठेवणारा माणूस नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकच असला पाहिजे, नुसता संगणकवाला नव्हे. २०२१ पासून तिथे खरेदीआधी रुग्णसुरक्षा, माहितीची गोपनीयता, तांत्रिक सुरक्षा, इतर यंत्रणांशी जुळणे आणि वापरण्याची सोय या पाच अंगांनी तपासणी करण्याचे निकषही केले आहेत. इंग्रजांचे सगळेच चांगले असे माझे म्हणणे नाही, त्यांच्याही संगणकांनी पुष्कळ दिवे लावले आहेत. पण ही नोंदवहीची कल्पना कारकुनाला पटणारी आहे. ‘एकाच रुग्णाच्या दोन फायली झाल्या तर?’ ही ओळ त्या वहीत पहिल्याच पानावर आली असती.

आता आपल्या घरचे उदाहरण देतो, कारण ‘तपासून मग सर्वत्र’ ही काही परदेशातून आलेली रीत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले ते एकदम संपूर्ण राज्यात नाही. १८९३ साली अमरेलीत प्रयोग केला. शाळा, मास्तर, हजेरी, दंड, गरिबाच्या मुलाचे शेतीचे दिवस, सगळ्या अडचणी तिथे आधी भोगून घेतल्या. मग १९०६ साली सगळ्या बडोदे राज्याला तो कायदा लागू झाला. मध्ये तेरा वर्षे गेली! हुजुरांच्या शब्दाला नाही म्हणणारे राज्यात कोण होते? उद्या सकाळी दवंडी पिटता आली असती. पण त्यांनी वाट पाहिली. मंडळात महाराजांच्या तसबिरीला दरवर्षी हार घालणारे आपण ही गोष्ट विसरतो आणि नगरसेवकाने ‘महिनाभरात सगळे ऑनलाईन’ म्हटले की टाळ्या वाजवतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचाही प्रयोग १५ ऑगस्ट २०२० पासून सहा केंद्रशासित प्रदेशांत झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर खुले झाले. क्रम बरोबर होता. पण चंडीगड, पुदुच्चेरी, लक्षद्वीप, लडाख, अंदमान, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांतल्या अनुभवावरून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याची तीन नावे कशी कळणार? या योजनेत प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक मिळतो आणि निरनिराळ्या दवाखान्यांतल्या त्याच्या नोंदी त्याच्या संमतीने एकत्र जोडता येतात. जुनी नोंद शोधताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल नंबर यांचा उपयोग होतो. आता आपल्या घरांचा विचार करा. सासरी नाव बदललेल्या बायका. आधी आडनाव की आधी नाव याचा घोळ, कारण गुजरातेत आडनाव पुढे येते. ‘राव’ लावलेले आणि गाळलेले. ‘बेन’ आणि ‘भाई’ चिकटलेले. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली १ जूनची जन्मतारीख. ‘ळ’ इंग्रजीत लिहिताना होणारे हाल तर विचारू नका, आमच्या शेजारच्या काळे कुटुंबात चार भाऊ आणि तीन स्पेलिंगे आहेत. मोबाईल नंबर म्हातारीचा नसतोच, तो मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला किंवा टोरांटोला गेलेला असतो. ओटीपी तिकडे वाजतो.

म्हणून एक गोष्ट मंडळातल्या मित्रांना आवडणार नाही तरी लिहितो. गेल्या बैठकीत ठराव आला की आरोग्याच्या सर्व ॲपमध्ये मराठी असलेच पाहिजे. मी विरोध केला नाही, करणारही नाही. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांना गुजराती उत्तम वाचता येते, दीडशे वर्षे आपण इथे काही पाहुणे म्हणून राहिलेलो नाही. पडदा मराठीत आला म्हणून आत्याची फाईल सापडली नसती. अडते ते भाषेपाशी कमी आणि नावापाशी जास्त. बेळगाव, हैदराबाद, इंदूर इथल्या आपल्या बांधवांचेही असेच असणार, तिकडे प्रत्यय निराळे चिकटत असतील एवढेच. हा प्रश्न मराठी म्हणून फक्त आपल्यालाच कळतो आणि आपण तो मांडला नाही तर गांधीनगरात किंवा दिल्लीत बसलेल्या मुलाला तो सात जन्मांत सुचणार नाही. मराठीचा आग्रह धरायचा तर असा धरा.

‘तुम्ही बँकवाले, १९८० च्या दशकात तुमच्या युनियनने संगणकाला विरोध केला होता, आता पुन्हा तेच’ असा टोमणा मला त्याच बैठकीत बसला. तो अर्धा खरा आहे. विरोधाचा अतिरेक झाला हे मी मान्य करतो. परंतु टप्प्याटप्प्याने, करार करून, माणसांना शिकवून संगणक आला म्हणूनच तो टिकला. शिवाय कागदाचा मी भक्त नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून घरांत शिरली तेव्हा किती जणांच्या फायली, एक्स-रे, रिपोर्ट चिखलात गेले ते आपण पाहिले. माझ्या मेहुण्याच्या अँजिओग्राफीची सीडी पलंगाखालच्या पेटीत होती. ती पेटी दोन दिवसांनी उघडली तेव्हा आतून एक बेडूक बाहेर आला. त्याचे कागद संगणकात सुरक्षित असते तर नव्याने तपासण्या कराव्या लागल्या नसत्या. मला आरोग्याची माहिती संगणकावर हवी आहे. बरोबर हवी आहे, एवढेच.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांत सत्तरीपुढचे किती आहेत ते वर्गणीच्या वहीवरून कळतेच. ही मंडळी आयुष्यात प्रथमच अशा यंत्रणेच्या दारात उभी राहणार आहेत. पूर्वी मध्यमवर्ग म्हणून आपण या योजनांबाहेर होतो, चुका दुसऱ्यांच्या होत्या आणि आपण वर्तमानपत्रात वाचत होतो.

तेव्हा महापालिकेचे, राज्याचे किंवा खासगी रुग्णालयाचे नवे काही येणार असे कळले की आपल्या नगरसेवकांना विचारायचे ते हे. चाचणीत कोण बसले होते? स्टाफच की सत्तरीच्या बायका, ऐकू कमी येणारे, मोबाईल नसलेले? जुन्या शंभर फायली काढून शेऱ्यांसकट नव्या नोंदीशी ताडल्या का, आणि ताडणारा जुना माणूस होता का? चुका किती निघाल्या ते दारावर लावा. चुका निघाल्याच नाहीत म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसणार नाही, पहिल्या खेपेत मेळ लागलेली शाखा मी पाहिलेली नाही. किमान वर्षभर कागद बरोबर चालू द्या. काउंटरवर एक माणूस असा ठेवा ज्याला दोन फायली एक करण्याचा अधिकार आहे, नाहीतर ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर आपण बँकेतही पुष्कळ वेळा देतो, मला त्याची किंमत ठाऊक आहे. आणि माहिती कुणाला दाखवणार ते आधी लिहून द्या. आरोग्य क्रमांक सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे ऐच्छिक आहे, पण काउंटरवर आत्याला तसे कुणी सांगितले नाही. तिला वाटले, हा नाही दिला तर डॉक्टर बघणार नाहीत.

महापालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. त्याला जोडण्यासाठी खरी उदाहरणे हवीत, नुसत्या सह्या नकोत. ज्यांच्या घरी दोन किंवा अधिक नावांची, चुकीच्या जन्मतारखेची, परगावच्या मोबाईलची माणसे आहेत, किंवा ज्यांच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली आहे, त्यांनी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मंडळाच्या कार्यालयात येऊन वहीत लिहावे. नावे बाहेर जाणार नाहीत, फक्त घोटाळ्याचा प्रकार लिहून घेऊ. रविवार सोडून मी रोज तिथे असतो. आत्यांची नोंद पहिल्या क्रमांकावर आहे. येताना चष्मा आणावा, कार्यालयातला दिवा अजून दुरुस्त झालेला नाही.